ओ आली तर काडी ओढायची नाही

धोंडगाळी, ता. खानापूर
३० जानेवारी १९७९

शालूआक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे आई, मी, तुझी भावजय जयाबाई सगळी ठीक आहोत. आप्पा रुसून गोव्याला गेले आहेत, म्हणजे तेही ठीकच असणार.

मागच्या पत्रात दाजींनी विचारलं होतं, रानात राहणारी माणसं रानालाच आग कशी लावतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ज्यांचा जन्म गेला त्यांनी असं विचारणं बरोबरच आहे. त्यांना सांग, चैत्रात वणवा येतो तो कुणाला विचारून येत नाही. म्हणून माघातच, गवतात पहाटेचं दव असतं तेव्हा, वाडीच्या चारी बाजूंनी गवताचा एक पट्टा आम्ही आपल्या हाताने जाळून टाकतो. दोन्ही कडांचा पाला लोटून घ्यायचा, वारा पडला की वरच्या अंगाला पेटवायचं, म्हणजे आग उताराने सावकाश खाली येते. हिरवे डहाळे घेऊन माणसं दोन्हीकडे उभी राहतात. चैत्रातला वणवा त्या काळ्या पट्ट्यापाशी आला की त्याला खायला काही मिळत नाही.

आणि पेटवण्याआधी हाक घालायची, हे तुला सांगायला नकोच. आत लाकडं तोडणारा असेल, गुरांमागे गेलेलं कोणी असेल, त्याने बाहेर यावं म्हणून. ओ आली तर काडी ओढायची नाही. आत जाऊन माणूस शोधायचा. शोधूनही सापडला नाही आणि ओ येतच राहिली, तर ती माणसाची नाही असं समजायचं, नारळ ठेवून परत फिरायचं आणि ती बाजू सोडून द्यायची.

हाकेचा मान आपल्या घराचा. आप्पांचं वय झालं, औंदा भरमूला हाक घालू द्या, असं आई म्हणाली. तेवढ्यावरून आप्पा पेटले. "माझ्याबिगर पट्टा कसा पेटतोय त्ये बगतोच," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घाटाची वाट धरून वाळपईला शामूकाकांकडे निघून गेले. दरवर्षी एकदा असं होतंच, होळीला येतात परत.

त्याच संध्याकाळी घाटाकडच्या बाजूला मी पहिल्यांदा हाक घातली. "कोण हाय काय रं आत? पट्टा पेटतोय, भाईर या." आणि ओ आली.

आम्ही सगळे आत गेलो. बोलावलं की ओ यायची, पण कुठून ते कळेना. शब्द एकही नाही, नुसती ओ. गुंडूमामा म्हणाले, आवाज खालून येतोय, जमिनीतून. ते ऐकल्यावर निम्मी माणसं मागे फिरली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या संध्याकाळी ओ बारीक झाली होती. मग गुंडूमामांनी नारळ ठेवला आणि ती बाजू सोडून बाकीचे तीन पट्टे आम्ही जाळले.

आक्का, एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ती ओ आप्पांसारखी होती. गुंडूमामांना विचारलं तर म्हणाले, त्येला आपल्या मानसाचाच आवाज घ्यायला येतो. त्या दिवसापासून मी दिवसासुद्धा तिकडे जात नाही.

तुझा
भरमू


निपाणी
७ फेब्रुवारी १९७९

प्रिय भरमू,

आशीर्वाद. तुझं पत्र मी दवाखान्यात ड्यूटी संपल्यावर वाचलं आणि इतकी हसले की दुसऱ्या नर्सबाईंनी विचारलं, काय झालं म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो आमच्या घरीच आहे, असं मी त्यांना सांगितलं.

अरे, घाटाच्या अंगाला समोर कडा आहे. लहानपणी आपणच नाही का तिथे ओरडायचो? तू हाक घालतोस, कडा ती परत करतो. आवाज आप्पांसारखा वाटला, कारण तुझा आवाज आता आप्पांसारखा झाला आहे. दाजींचं म्हणणं वेगळंच. ते म्हणतात, सासरेबुवा गोव्याला गेलेच नसतील, कारवीच्या झुडपांत लपून ओ देत असतील, म्हणजे तुझा पहिलाच मान पाण्यात. आप्पांचा स्वभाव बघता हेही काही अशक्य नाही. पण तीन संध्याकाळी चहाशिवाय काढणारा माणूस तो नव्हे.

आता चेष्टा पुरे. घाटाकडूनच वणवा येतो आणि तीच बाजू तुम्ही मोकळी सोडलीत. घरात आई आहे, जयाबाई आहे. पत्र मिळताच हाक न घालता सरळ काडी लाव. कड्याला भिऊन वाडी जाळून घेऊ नका.

आप्पा आले की त्यांना म्हणावं, शालूकडे या, चहात साखर जास्त घालून देईन.

तुझी
आक्का


धोंडगाळी
२९ मार्च १९७९

शालूआक्का,

होळी होऊन गेली, आप्पा आले नाहीत. शामूकाकांना कार्ड टाकलं होतं, त्यांचं उत्तर काल मिळालं. आप्पा वाळपईला पोचलेच नाहीत. आप्पा येणार आहेत हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

पत्र वाचून झाल्यावर मी सरळ घाटाच्या अंगाला गेलो, एकटाच. तुझ्या मनात आता जे येईल तेच माझ्याही मनात आलं होतं. दुपारची वेळ होती. नारळ जिथे ठेवला होता तिथे उभा राहिलो आणि हाक घातली. "आप्पा."

ओ आली. बारीक नाही, अगदी खणखणीत, आप्पा ओट्यावर बसून द्यायचे तशी.

आक्का, दोन महिने झाले. दोन महिने अन्नपाण्याशिवाय कुणी माणूस अशी ओ देईल का, तूच सांग. म्हणजे ती आप्पांची नाही. म्हणजे गुंडूमामांचंच खरं, आणि आप्पा दुसरीकडे कुठेतरी आहेत. मी परत आलो, वाटेत एकदाही मागे बघितलं नाही.

आईला शामूकाकांचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, रुसवा मोठा हाय औंदा. कुंकू लावते, त्यांचं ताट वाढून ठेवते, आणि मग ते ताट म्हशीला घालते.

खानापूरला पोलिसात वर्दी दिली आहे.

भरमू


निपाणी
२० नोव्हेंबर १९७९

प्रिय भरमू,

दिवाळीला येऊन गेले, तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते.

मी नारळाच्या पलीकडे जाणार होते. दाजीही विळा घेऊन तयार होते. आईने माझा पदर धरला आणि "एक गेला, दुसरी देनार न्हाय" म्हणाली, तेव्हा मी थांबले. लोकांना मी सांगते की आईमुळे थांबले. पावसाने गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, कारवी इतकी दाट की हात घालायला जागा नाही, त्यात काय शोधणार होते, असंही सांगते. पण खरं म्हणजे मला भीती वाटली. मी हाक मारली आणि ओ आली तर पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी हाकच मारली नाही.

तेव्हा तुला भित्रा म्हणायचा माझा हक्क संपला. तरीही सांगते, ह्या माघात तो पट्टा जळालाच पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात चिकोडीकडच्या एका खेड्यातली दोन माणसं आमच्याकडे आणली होती. शेताच्या बांधावरचं गवत पेटलं होतं, एवढंच. त्यातली एक बाई आईच्या वयाची होती. तिच्या अंगाला फडकं लावायला मला जागा सापडेना. मी घरी येऊन आंघोळ केली, जेवले नाही, आणि सगळा वेळ तुमची घाटाकडची बाजू डोळ्यासमोर येत होती.

आई निपाणीला यायला तयार नाही. ते घरी आले आणि दाराला कुलूप बघितलं तर पुन्हा रुसतील, म्हणते. ती यायची नाही, म्हणून पट्टा जळायला हवा.

आक्का


धोंडगाळी
१६ फेब्रुवारी १९८०

शालूआक्का,

पट्टा जळाला नाही.

गुंडूमामा म्हणाले, ओ भरमूलाच येते, तर ह्या खेपेला हाक मी घालतो. त्यांनी घातली. काही आलं नाही. माणसं खूश झाली, गवताची चूड पेटवली. तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली. तिला आम्ही घरीच बस म्हणून सांगितलं होतं. तिने हाक मारली नाही, नुसतं "अवो" म्हणाली, घरात म्हणते तेवढ्याच आवाजात.

ओ आली, आणि ती सगळ्यांनी ऐकली. चूड विझवून माणसं घरी गेली. 

त्यानंतर फॉरेस्ट गार्डही येऊन गेला. आधीच्या तीन पट्ट्यांची राख बघून म्हणाला, बेंकी बेडा, आग लावायची नाही, पुन्हा आग लावलेली दिसली तर तुरुंगात घालीन. त्याला मी म्हटलं, साहेब, ही बाजू बघा, दोन वर्षांचं गवत उभं आहे, हे पेटलं तर तुमचं रानही राहणार नाही. तो त्या बाजूला थोडा गेला आणि लगेच परत आला. आतून कोणीतरी ओ दिली, असं म्हणाला. मी विचारलं, तुम्ही कुणाला हाक मारली होती? तो म्हणाला, कुणालाच नाही, मी नुसता खोकलो.

आई आता रोज तिन्हीसांजेला नारळाच्या जागेपर्यंत जाऊन येते. तिकडे काय करते ते मी विचारत नाही. येते तेव्हा तिचं तोंड निवांत असतं, आणि खरं सांगू का, मला तेच बघवत नाही.

भरमू


निपाणी
३ मार्च १९८०

प्रिय भरमू,

पत्र मिळालं. आईला एकटी जाऊ देऊ नकोस. पुढच्या वर्षी काय करायचं ते पुढच्या वर्षी बघू. ह्या उन्हाळ्यात रात्री पाळीने कुणीतरी जागं राहा आणि पाण्याच्या घागरी भरून ठेवा.

मला त्या आवाजाची आता चीड येते. आप्पा असतील तर त्यांना कळायला नको, की आपल्यामुळे वाडीच्या गळ्याला फास लागला आहे? आणि आप्पा नसतील तर आपल्या आईला असं नादी लावणारं ते कोण आहे? दाजी म्हणतात, असं लिहू नकोस. मी लिहिणार.

आक्का


धोंडगाळी
१९ एप्रिल १९८१

शालूआक्का,

तार मिळाली असेल. आम्ही सगळे जिवंत आहोत आणि वाडी वाचली आहे. आता सगळं लिहितो. तू हे पत्र बसून वाच, दाजींना जवळ बसव.

ह्या माघातही घाटाचा पट्टा तसाच राहिला होता. तीन वर्षांचं गवत, त्यावर कारवीचा वाळलेला पाला. सोमवारी दुपारी डोंगरामागे धूर दिसला. ऊन कलेपर्यंत आग कड्यावर आली आणि तिचा आवाज यायला लागला. गुरं दावी तोडून खालच्या अंगाला पळाली. आम्ही पोरं आणि म्हातारी माणसं ओढ्यात नेऊन बसवली. वाडीतून बाहेर जायची वाट त्याच अंगाने, त्यामुळे पळायलाही जागा नव्हती.

गुंडूमामा म्हणाले, आता एकच उपाय. वाडीच्या कडेने आपणच पेटवायचं. मोठी आग जवळ आली की ती वारा आपल्याकडे ओढते, मग आपली आग तिच्या तोंडावर जाईल आणि मधलं गवत दोघी मिळून खातील. घाई केली तर आपली आग वाडीत येईल, उशीर केला तर तिची येईल. आम्ही पाला लोटून चुडी हातात घेऊन उभे राहिलो. वारा फिरला. गुंडूमामा म्हणाले, "घाल हाक."

मी हाक घातली. ओ आली.

आक्का, तुला कदाचित हे पटणार नाही. समोर आग दिसत होती, तोंड भाजत होतं, आणि दहा-बारा बाप्ये हातात पेटत्या चुडी घेऊन नुसते उभे. एकाचाही हात खाली जाईना. कुणी ठरवलं नव्हतं, पण ओ आली तर काडी ओढायची नाही, हे आमच्या हातालाच ठाऊक आहे. माझाही हात हलला नाही. मी पुन्हा हाक घातली, ह्या वेळी येऊ नये म्हणून देवाचं नाव घेत. पुन्हा ओ आली.

आई ओढ्यातून कधी आली ते दिसलं नाही. तिने माझ्या हातातून चूड घेतली. गुंडूमामा तिला अडवायला गेले, तर म्हणाली, "माझा दाल्ला हाय त्यो. तुमी मदी पडू नगासा."

मग रानाकडे तोंड करून म्हणाली, "अवो, बाजूला व्हा. लेकरांची घरं हायती."

ओ आली. आईने चूड गवताला लावली.

मग बाकीच्यांनीही लावली. आमची आग वर चढत गेली, समोरची खाली आली, आणि ती भेटली तेव्हा एवढा मोठा आवाज झाला की मी कान झाकले. त्यानंतर सगळं विझत गेलं, गोठ्यांची दोन छपरं सोडली तर काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमीन निवली, तेव्हा आम्ही डहाळे घेऊन धुमसणारी लाकडं विझवत आत गेलो. कारवी जळून सगळं मोकळं झालं होतं. नारळाच्या जागेपासून पन्नासएक पावलांवर एक खड्डा दिसला. फार पूर्वी कोळसा पाडणाऱ्यांनी खणलेला, पुरुषभर खोल, वरून कारवीने पूर्ण झाकलेला. घाटाची वाट त्याच्या काठाने जाते. उजाडायच्या आत निघालेल्या माणसाला तो दिसला नसणार.

आप्पा त्यात होते. चुन्याची पितळी डबी होती, त्यावरून ओळखलं. एक पाय मोडलेला होता. डोक्याच्या हाडाला एका बाजूने मोठी चीर होती. खड्ड्यात पाला कुजून ओला झाला होता, म्हणून आत आग गेली नव्हती.

खानापूरहून पोलीस येऊन पंचनामा करून गेले. काल आम्ही सगळं केलं. ज्यांना आगीतून वाचवायचं म्हणून आम्ही थांबत होतो, त्यांना शेवटी मीच अग्नी दिला.

पहिल्या तीन संध्याकाळी आवाज जमिनीतून येत होता. जमिनीतून येतो म्हणून आम्ही परत फिरलो. मला आता दुसरं काही सुचत नाही.

भरमू


निपाणी
२८ एप्रिल १९८१

भरमू,

मी येऊन गेले तरी आपण दोघं त्यावर बोललो नाही. मी लिहिते, कारण कोणीतरी एकदा लिहिलं पाहिजे.

डोक्याला मार लागलेली माणसं मी रोज बघते. त्यांना धड शब्द सुचत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही. पण जोरात हाक मारली की ओ देतात. मग पुन्हा गुंगीत जातात. तुम्ही हाक घालत होता तेव्हा आप्पा तुमच्या हाकेला ओ देत होते. तुम्ही भूत म्हणालात, मी कडा म्हणाले. तू अडाणी ठरलास आणि मी शहाणी ठरले, आणि आप्पांना आपला दोघांचाही उपयोग झाला नाही. हे मी रडत लिहीत आहे, अक्षर लागत नसेल तर सोडून दे.

पहिल्या तीन संध्याकाळचं मला कळतं. पुढच्या दोन वर्षांचं मला काही कळत नाही. ते कळून घ्यायची इच्छाही आता राहिलेली नाही.

मला काळजी आईची आहे. ती मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "शाले, ओ आली आनि तरी मी चूड लावली. त्यास्नी भाजलं असंल का गं?" मी म्हटलं, आई, ते कधीच गेले होते, हाडं होती नुसती. ती म्हणाली, "मग ओ कुनी दिली?"  ती कुंकू पुसून बसली आहे, त्याचं मला वाईट वाटतंच, पण हे त्याहून वाईट आहे. आपण नवऱ्याला बाजूला व्हायला वेळ न देता पेटवलं, असं तिने मनात घेतलं आहे.

आक्का


धोंडगाळी
१४ फेब्रुवारी १९८२

शालूआक्का,

ह्या वर्षी चारी पट्टे जाळले. नवा गार्ड चांगला आहे, स्वतः डहाळा घेऊन उभा होता. गेल्या चैत्रात काय झालं ते त्याच्या साहेबांनीही बघितलं आहे, त्यामुळे आता बेडा म्हणत नाहीत, कधी पेटवणार तेवढं सांगा म्हणतात.

तुला कळवायचं ते वेगळंच आहे. गेल्या वर्षी वाडीने एक गोष्ट ठरवली होती, मी तुला सांगितली नसेल. हाकेची रीत तशीच ठेवली, पण तिचा दुसरा भाग काढून टाकला. ओ आली की आत जायचं. माणसाची असो, नसो. सापडेपर्यंत जायचं, नारळ ठेवून परत फिरायचं नाही. हे गुंडूमामाच म्हणाले. ते आता फार बोलत नाहीत, पण हे बोलले.

घाटाची बाजू शेवटी ठेवली होती. मी हाक घातली. मनात होतं की काही येणार नाही. हाडं सापडली, सगळं रीतीने झालं, आता कशाला येईल?

ओ आली. तीच.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जयाबाईचा भाऊ म्हणाला, आपल्याला ठाऊकच आहे की काय आहे ते, लावून टाकू. गुंडूमामांनी नुसता डहाळा खाली टाकला आणि चालायला लागले. मग सगळेच निघालो. जुन्या खड्ड्यापाशी गेलो, त्यात कोणी नव्हतं. मी पुन्हा हाक घातली, ओ पुढून आली. असं करत करत ओढ्याच्या कोरड्या पात्रापर्यंत गेलो.

तिथे दगडांत एक माणूस पडला होता. कणकुंबीकडचा, देवाप्पा नावाचा, शिकेकाई काढायला आलेला. आदल्या दिवशी झाडावरून पडून त्याची कंबर गेली होती. ओठ फुटले होते, पण शुद्धीवर होता. घोंगडीची झोळी करून त्याला आम्ही वर आणला आणि चमच्याने पाणी पाजलं. आम्ही पट्टा पेटवला असता तर आग उताराने त्याच्यापर्यंत गेली असती.

पाणी पोटात गेल्यावर त्याला थोडं बोलता यायला लागलं, तेही कुजबुजल्यासारखं. मी म्हटलं, बाबा, ओ दिलीस म्हणून वाचलास. तो म्हणाला, "मी कुटं दिली ओ? माझा घसा कालपासनं बसलाय."

मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "त्या म्हाताऱ्यास्नी बी वर आना की. माझ्या उशाला बसलं हुतं, चांगलं धडधाकट. तुमी हाक घातली की त्येच ओ द्यायचं. मला म्हनलं, गप पड, आता येत्यात, आमची मानसं हायत ती."

आम्ही परत खाली गेलो. ठरलं होतं तसं सगळं शोधलं, एकही झुडूप सोडलं नाही. कोणी नव्हतं. वर येऊन मी पुन्हा हाक घातली. ह्या वेळी काही आलं नाही. वारा पडला होता, मी पट्टा पेटवला आणि तो चांगला जळाला.

देवाप्पा बेळगावच्या दवाखान्यात आहे, पुन्हा चालायला लागेल म्हणतात.

आक्का, आईने गेल्या चैत्रापासून हातात काडी धरलेली नाही. चूल जयाबाई पेटवते, देवापुढचा दिवासुद्धा जयाबाईच लावते. आई लांब बसते आणि ज्योतीकडे बघत नाही. तिला ह्यातलं मी अजून काही सांगितलेलं नाही, वाडीतल्यांनाही तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगा माझं मन राखायला बोलतोय. तू कधी तिच्या समजुतीसाठी खोटं बोलली नाहीस, हे तिला ठाऊक आहे.

तेव्हा तू ये, आणि आप्पांना भाजलेलं नाही, हे तिला तू सांग.

तुझा
भरमू